गोधडीचा घास

केदारखेडा, ता. भोकरदन
९ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. वर्षाराणीस,

आशीर्वाद मागाहून. आधी तक्रार.

काल, दिनांक आठ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, आमच्या आतल्या खोलीतील पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या आजीच्या शेवटच्या गोधडीवर लाल मुंग्यांची एक रांग आढळून आली. रांगेचा उगम चुलीमागच्या भेगेत आणि समाप्ती गोधडीच्या ईशान्य कोपऱ्यात. पेटीला कुलूप होते. मुंग्यांनी कुलपाचा मान न राखता फटीतून प्रवेश केला. सदर कोपरा गेल्या दिवाळीत तुझ्या हस्ते शिवला गेला असल्यामुळे प्रथमदर्शनी दोष तुझ्याकडे जातो. खुलासा उलटटपाली यावा.

आता माणसासारखं लिहितो. आजीचं शास्त्र तुला मी सांगायला नको, पण आरोपपत्रात सगळं यावं लागतं म्हणून लिहितो. गोधडीचे तीन कोपरे शिवून झाले की चौथा बंद करण्याआधी त्यात पोळीचा घास ठेवायचा, गुळाचं बोट लावून. मग टाका. गोधडी उपाशी राहिली तर ती पांघरणाऱ्याचीच ऊब खाते, असं आजी म्हणायची. गावात जन्मलेल्या प्रत्येक लेकराला तिनं एकेक गोधडी दिली. जात, घर, भांडण काही पाहिलं नाही. आणि गेल्या वैशाखात तुझ्या लेकीसाठी, अंजूसाठी शिवायला घेतलेल्या गोधडीचा चौथा कोपरा उघडा ठेवून ती गेली. तो तू दिवाळीत बंद केलास. माझा प्रश्न एवढाच आहे की घास किती घातलास? मुंग्यांची संख्या पाहता मला एका आख्ख्या पंगतीचा संशय येतो.

दुसरं काम. रामेश्वरच्या डोक्यात आलंय की वर्षश्राद्धाला आजीच्या आठवणींची एक पुस्तिका छापायची. छपाई तो जालन्याहून करून आणणार. मजकूर मात्र, "दादा, तू संस्कृत शिकवतोस, तुला काय अवघड आहे." जणू काही आजी देवभाषेत बोलत होती. मला बारावीच्या पोरांना शब्द चालवायला लावायची सवय. आजीला तिच्या हयातीत कुणी चालवू शकलं नाही, आता मी काय चालवणार. तिथीनं श्राद्ध चार मे रोजी येतं आणि पाच तारखेला अंगारकी. म्हणजे राजूरच्या गणपतीला पायी निघालेले लोक आपल्या दारावरून जाणार, आणि आजी दर अंगारकीला रस्त्याकडेला मांडायची त्या रांजणाचं पाणी पिता पिता पुस्तिका वाचणार. निदान वारा घेतील.

माहितीचा मुख्य आधार आई. पन्नास-पंचावन्न वर्षं सासूच्या हाताखाली काढली तिनं, तिच्याएवढं कुणाला ठाऊक? रोज दुपारी ती सांगते, मी लिहून घेतो. तुलाही काही आठवत असेल तर कळव.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवरचं वाऱ्यावर जातं, कागदावरचं दोनदा वाचता येतं, हा आजीचा नियम मोडायचं धाडस माझ्यात नाही. स्वतःला एक अक्षर न येणाऱ्या बाईनं हा नियम करावा आणि शिकलेल्यांनी पाळावा! आई सातवी शिकलेली, म्हणून आजीची पत्रं तीच लिहायची आणि आलेली तीच ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची. अजून वाचते. तेव्हा जपून लिही.

तुझा,
रामप्रसाद


वडीगोद्री
२० फेब्रुवारी २०२६

रामप्रसाद मास्तर यांस,

तुमचं आरोपपत्र मिळालं. मी शिलाई मशीन बंद करून, चष्मा लावून, उभ्यानं वाचलं. तुझ्या मुंग्यांना उगम अन् समाप्ती आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं मुंग्या नुसत्या येतात अन् जातात.

खुलासा असा. मी घास घातला तो नखाएवढा. माझ्या नखाएवढा, तुझ्या न्हाई. दोरा पांढरा, दुहेरी. टाका तांदळाएवढा. तीस वर्षं झाली हायवेच्या कडेला बसून लोकांचे कपडे शिवून राह्यले, माझ्या हाताचा टाका मला अंधारात ओळखू येतो. तू असं कर. कोपरा उजेडात धर अन् दोरा कोणता दिसतो ते कळव. पांढरा असला तर दंड मला. दुसरा असला तर तुझ्या घरातलं तू बघ.

अंजूला पाचवा महिना लागलाय. रोज विचारते, पणजीची गोधडी कधी आणायची? मी म्हणलं, मुंग्यांचं जेवण होऊ दे.

पुस्तिकेचं चांगलं आहे. पण एक सांगते, आजीला देवी करू नको. तुझ्या हातात पेन आलं की माणसं एकदम सोज्वळ होतात. आजी चतुर्थीच्या उपासाला बटाट्याची भजी खायची, माहीत आहे ना? मी लहान होते, विचारलं, आजी, हे चालतं का? तर म्हणली, आतला बटाटा फराळाचाच आहे, वरचं पीठ तेवढं देवानं सोडून द्यावं. हे लिही. अन् ती चालता चालता लोकर कातायची ते लिही. आजोबांच्या मेंढरांमागं तिनं अर्धं आयुष्य काढलं, पुढं मेंढरं गेली, शेती आली, पण हातातली चाती काही सुटली न्हाई. बाजारात, लग्नात, मयतीला सुद्धा. माझ्या लग्नात अंतरपाट धरला होता तवा पण ती मागं कातत होती. फोटोत आहे.

अन् तू पहिला नंबर आल्तास तेव्हा तिनं सगळ्या गावाला सांगितलं, मेंढक्याचा नातू देवाशी त्याच्या भाषेत बोलतो म्हणून. मंग घरात येऊन तुला म्हणली, का रे, देवाला मराठी येत न्हाई का?

मामीला नमस्कार. मामी, तुम्ही वाचत असाल तर, मास्तर काही खरं सांगत न्हाईत.

वर्षा


केदारखेडा
६ मार्च २०२६

चि. सौ. वर्षाराणीस,

तुझं पत्र आईनं ओट्यावर वाचलं. शेवटच्या ओळीला शेजारीपाजारी हसले. माझी समाजातली पत तू एका ओळीत संपवलीस.

तपासाचा अहवाल सादर करतो. कोपरा उजेडात धरला. दोरा काळा निघाला. टाके तांदळाएवढे नाहीत, हरभऱ्याएवढे आहेत, आणि एकमेकांशी भांडल्यासारखे दोन दिशांना तोंड करून. तुला दोषमुक्त करण्यात येत आहे. मग मी टाके उसवले. आत तुझा नखाएवढा घास होता, वाळून खडा झालेला. त्याच्या शेजारी भाकरीचा एक तुकडा. त्याच्या शेजारी पोळीचा, हा तुलनेनं ताजा. आणि एक बिस्किट. आख्खं.

धूर दिसला की अग्नी मानावा, एवढं तर्कशास्त्र आम्हीही शिकलो आहोत. बिस्किट दिसलं की माणूस मानावा. उंदीर आत शिरतो, पण परत शिवून बाहेर पडत नाही. मी बेबीनंदाला विचारलं. नवऱ्यानं बायकोला गोधडीत बिस्किट का ठेवलंस असं विचारावं, ही वेळ सव्वीस वर्षांच्या संसारात प्रथमच आली. तिच्या हातात लाटणं होतं, त्यामुळे चौकशी लवकर आटोपली. रामेश्वर महिन्यातून एकदा येतो आणि त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. तपास चालू आहे.

पुस्तिका बरी चालली आहे. आईनं परवा एक प्रसंग सांगितला, तो तू ऐकला आहेस का? बहात्तरचा दुष्काळ. विहिरी कोरड्या, तरी आजी अंगारकीला रस्त्याच्या कडेला रांजण घेऊन बसलेली. पाणी दोन कोसांवरून डोक्यावर आणलेलं. धावड्याकडची एक बाई नवस फेडायला पायी निघाली होती, दिवस भरलेले. रांजणापाशीच तिला कळा सुरू झाल्या. तिथं ना सुईण, ना आडोसा. आजीनं काय करावं? अंगावरचं हिरवं पातळ अर्धं फाडलं, दोन बायकांना धरायला लावून आडोसा केला, आणि त्या बाईला मोकळी केली. मुलगा झाला. रांजणातल्या पाण्यानं त्याची अंघोळ. आणि उरलेल्या पातळाची त्याला पहिली गोधडी. मी लिहून घेताना दोनदा थांबलो. पुस्तिकेचं पहिलं पान हेच.

आई ठणठणीत आहे. जानेवारीतल्या अंगारकीला तिनं एकटीनं रांजण सांभाळला. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, एवढंच. भक्त मंडळींनी प्रसाद समजून घेतला, दोघांनी दुसऱ्यांदा मागितला. सकाळी आजीच्या फोटोसमोर चहाचा कप ठेवते आणि तासाभरानं कपाला रागावते, निवून गेला तरी घेत नाहीत म्हणून. शास्त्रात याला नैवेद्य म्हणतात. देव तरी कुठं घेतो.

एक विनंती. यापुढची पत्रं शाळेच्या पत्त्यावर धाड. तपास गोपनीय आहे; ओट्यावर त्याचं जाहीर वाचन झालं तर गुन्हेगार सावध होईल.

तुझा,
रामप्रसाद


वडीगोद्री
१७ मार्च २०२६

मास्तर,

शाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. शिपायानं उघडून वाचलं तर त्याला पण माझा नमस्कार.

ते बाळंतपण आजीनं केलेलं न्हाई. मामीनं केलं.

माझी आई तेव्हा पंधरा वर्षांची, तिथंच होती. पातळाचं एक टोक तिनंच धरलं होतं. आजी त्या दिवशी पाणी आणायला गेल्ती. मामी एकटी रांजणापाशी बसलेली, वीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली, अजून स्वतःला लेकरू न्हाई. कुणी शिकवलं न्हाई, सांगितलं न्हाई, तिनं आपलं केलं. आजी आली तर सगळं आटोपलेलं. तिनं आधी पोराला बघितलं, मंग मामीकडं, अन् लग्नातलं हिरवं पातळ फाडलं म्हणून मामीला रस्त्यावर उभी करून शिव्या दिल्या. अन् रात्रीतून त्याच पातळाची गोधडी शिवून सकाळी धावड्याला पोचवली. आईनं मला हे शंभरदा सांगितलंय. अंजूच्या गोधडीच्या मधोमध हिरवा पट्टा आहे बघ. तो त्याच पातळाचा. आजीनं तो पन्नास वर्षं जपून ठिवलेला.

मामीला मोठेपणा नको म्हणून सासूच्या नावावर टाकलं असेल, असं मी आधी धरलं. मंग काल रात्री तुझं पत्र पुन्हा काढलं. मीठ. कप. काळा दोरा. बिस्किट.

रागावू नको, पण विचारते. मामी एकच गोष्ट दोनदा सांगते का? जेवले की न्हाई ते इसरते का? घरातून निघते अन् कुठं चालले म्हणून थांबते का? आमच्या इथं शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचं असंच मिठापासून सुरू झालं. जल्दी डॉक्टरला दाखवलं असतं तर त्यांच्या लेकाला पुढं एवढं जड गेलं नसतं.

वर्षा


केदारखेडा
१ एप्रिल २०२६

सौ. वर्षाराणीस,

पत्र पोचलं.

मुंग्यांच्या प्रकरणाचा निकाल लागला आहे. गुन्हेगार सापडला. नाव राखून ठेवण्यात येत आहे. गोधडी उन्हात घातली, हळद टाकली, कोपरा बेबीनंदाकडून पक्का शिवून घेतला. तेव्हा तो विषय संपला.

बहात्तरच्या प्रसंगाबाबत दोन पाठ उपलब्ध आहेत. तुझा पाठ ऐकीव, आईचा प्रत्यक्षदर्शी. ग्रंथसंपादनाच्या नियमानुसार मी आईचा ग्राह्य धरतो.

आईचं वय चौऱ्याहत्तर आहे. या वयात स्मृती थोडी मंद होणं हा देहधर्म आहे, त्याला व्याधी म्हणत नाहीत. तू शिवणकाम उत्तम करतेस. निदान करणारे निराळे असतात.

अंजूस आशीर्वाद.

रामप्रसाद


वडीगोद्री
१२ एप्रिल २०२६

मास्तर,

तुझं मागचं पत्र वाचून मी चार दिवस मशीनच्या खणात ठिवलं. उत्तर द्यायचं न्हाई असं ठरवलं होतं. तुझ्या दोन पाठांना माझ्याकडं एकच उत्तर होतं, अन् ते लिहिण्यासारखं नव्हतं.

मंग पोस्टमननं एक पोस्टकार्ड आणून दिलं. मूळ मी देवापाशी ठिवलंय. जसं आहे तसं उतरवून देते, एक अक्षर बदललं न्हाई. तू पण चुका काढू नको.

"केदारखेडा. सौ. वर्षाराणीला आसराबाई रायभान हिचा आशीर्वाद. लिहिणार उषा.

पत्र लिहायचं कारन की अंजूची गोधडी झाली. कवा नेती ते कळव. तिला भूक लई लागती. दुपारी घास भरून शिवते तर दुसऱ्या दिशी पुन्हा उपाशी. रामला ते कळत न्हाई. त्यानं तिच्यावर हळद टाकली.

रांजन घासून ठिवलाय. अंगारकीला मी न्हाई आले तर उषा बसन.

आनिक एक. उषी आजकाल इसरून राह्यली. पोळ्यानंतर मळ्याची वाट चुकल्ती. इहिरीपाशी बसून राह्यली मंग बेबीनंदानं आनली. घरात सांगू नको म्हनून तिनं बेबीच्या हाता पाया पडली. पोरगा घाबरतो म्हनून. तो ल्हानपनापासून घाबरट हाये. संस्कृत बोलाया लागला की समजावं घाबरला. तू त्याला सांग. पन हळू सांग.

थोराला नमस्कार. ल्हानाला आशीर्वाद."

अक्षर मामीचं आहे, तुला सांगायला नको. आजीची पत्रं असायची तसंच, वर आजीचं नाव, खाली लिहिणार उषा. मी दाराच्या पायरीवर बसून वाचलं. गिऱ्हाईक ब्लाउजसाठी थांबलेलं, तिला उद्या ये म्हणलं.

पन्नास वर्षं तिनं दुसऱ्याच्या मनातलं लिहून दिलं, मास्तर. स्वतःचं एक सांगायचं होतं तर त्याला पण तिला आजीचं नाव घ्यावं लागलं. तिला समजतं. सगळं न्हाई, पण एवढं समजतं.

आता मी हळू सांगते. गोधडीचा कोपरा पक्का शिवू नको. मी येताना टिचबटणं घेऊन येते, चार लावते. मामीला घास भरायचा असेल तर बटण उघडून भरू दे, संध्याकाळी बेबीनंदा वहिनीनं काढून टाकावा. गूळ लावू नको म्हणजे मुंग्या येणार न्हाईत. सुई पण हातात नको तिच्या एकटीच्या. अन् ही गोधडी मामीपाशीच राहील. अंजूला मी विचारलं. ती म्हणली, माझ्या बाळाला दुसरी करू, मामीआजीला समोर बसवून. वाट चुकली तरी हात टाका चुकत न्हाई, असं तिचं म्हणणं. हरभऱ्याएवढा तर हरभऱ्याएवढा.

वर्षा


केदारखेडा
२४ एप्रिल २०२६

वर्षा,

या पत्रात तक्रार नाही.

मागच्या पत्राबद्दल माफ कर. आईनं माझ्याविषयी लिहिलेलं ते वाक्य वाचल्यापासून मला वर्गात सुद्धा संस्कृत बोलताना चोरट्यासारखं होतंय.

गुन्हेगाराचं नाव मी राखून ठेवलं होतं, ते असं. मार्चच्या शेवटी एके दुपारी शाळेतून लवकर आलो. आई पेटीपाशी बसली होती. दातानं टाका तोडला, पदरातून चतकोर भाकरी काढली, कोपऱ्यात सारली आणि म्हणाली, "आत्याबाई, खाऊन घ्या, मंग भांडा." मग काळा दोरा घेऊन शिवायला लागली. मी दारात उभा होतो. मी काय केलं असेल? दुरुस्ती केली. म्हणालो, आई, आजी गेली, गेल्या वैशाखात. ती माझ्याकडं बघत राहिली आणि रडायला लागली, अगदी त्याच क्षणी कळल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिनं आत्याबाई म्हटलं, पुन्हा मी सांगितलं, पुन्हा ती पहिल्यापासून रडली. वर्षा, मी तिला सात वेळा सांगितलं. पोरांना चुकलेला शब्द तीनदा लिहायला लावतो मी. आईला सात वेळा लावला. सातव्या वेळी बेबीनंदा मधे आली आणि मला म्हणाली, तुम्ही आता शाळेतच राहत जा.

बेबीनंदाला सप्टेंबरपासून माहीत होतं. तिनं आईला शब्द दिला होता, म्हणून बोलली नाही. या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे माझी काळजी घेत होते.

गेल्या सोमवारी जालन्याला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आईला तारीख विचारली. आई म्हणाली, तुमच्या भिंतीवर लावलीय की. डॉक्टर हसले, पण पुढच्या प्रश्नांना हसण्यासारखं काही नव्हतं. गोळ्या दिल्यात. बरं होणार नाही, हळू करता येईल म्हणाले. बेबीनंदानं आईच्या पोलक्याच्या आत पत्ता आणि माझा फोन नंबर शिवून टाकलाय. घास गूळ न लावता देतो. आजीबद्दल मी आता काही दुरुस्त करत नाही. सकाळी चहा दोन कप होतो, एक मी आजीच्या वाटचा पिऊन टाकतो, म्हणजे कप रिकामा सापडतो आणि दिवस शांत जातो. डॉक्टरांनी माझीही साखर बघायला सांगितलीय.

पुस्तिकेचं पहिलं पान बदललं. तुझा पाठ घेतला. उषाबाई कचरू, वय वीस, असं स्पष्ट नाव घालून लिहिलं आणि काल दुपारी आईला वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्याबाईंनी रस्त्यात शिव्या दिल्त्या, ते का न्हाई लिहिलं?" मी म्हणालो, श्राद्धाच्या पुस्तिकेत बरं दिसेल का. तर म्हणाली, शिव्यांशिवाय त्या ओळखू कशा येतील? तेव्हा शिव्या घातल्या. तुझी भजीही घातली. पुस्तिकेचं नाव अजून सुचलेलं नाही. रामेश्वरनं "स्मृतिगंध" सुचवलंय. त्याला उत्तर दिलेलं नाही.

पाच तारखेला रांजणापाशी आई बसेल, शेजारी तू बस. साखर मी माझ्या ताब्यात ठेवतो. टिचबटणं आण. शक्य असेल तर तीन तारखेलाच ये, श्राद्धाच्या स्वयंपाकाला म्हण, पण खरं म्हणजे माझ्यासाठी ये.

परवा दुपारी मी जेवत होतो. आईनं बेबीनंदाला जवळ बोलावून हळूच विचारलं, हे मास्तर कोण, रोज जेवायला येतेत. बेबीनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, काही सांगू नको म्हणून. ती म्हणाली, पाव्हणे आहेत. आई म्हणाली, "भला मानूस दिसतो. पन चुका लई काढतो." बेबीनंदाला हसू आवरेना, मलाही हसू आलं, आणि आम्ही हसतोय म्हणून आईही हसली. संध्याकाळी अंगणातून तिनं नेहमीसारखी हाक मारली, राम, दिवा लाव. मी इतक्या जोरानं ओ दिली की शेजारचे बाहेर आले.

ती रस्ता विसरेल, मीठ-साखर विसरेल, आजी गेली हे विसरेल, एवढं मी मनाशी मान्य केलं होतं. पण मला ती शेवटपर्यंत ओळखेल, हे मी कुणालाही न विचारता धरून चाललो होतो. ते तसं होईल असं आता वाटत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

राम